गुंडभर गोडं पाणी

आमच्या गावच्या घरात देवघराच्या वरच्या फळीवर पितळेचा एक गुंड आहे. वऱ्हाडात पाणी भरायच्या भांड्याला गुंड म्हणतात, बाकीच्या महाराष्ट्राने कळशी समजावी. त्याच्या पोटाला एका अंगाने पोचा आलेला आहे. हा पोचा शकुंतलेत, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीत, पडला. गाडीने गचका दिला, आजीच्या मांडीवरचा गुंड लाकडी बाकाच्या कोपऱ्यावर आदळायला निघाला, आणि पाणी वाचवायला आजीने मधे हात घातला. पोचा तरी पडलाच, पण पाणी सांडलं नाही. आजीच्या उजव्या हाताचं मधलं बोट मात्र शेवटपर्यंत वाकडं राहिलं. त्या बोटाने ती भाकरी थापायची तेव्हा भाकरीच्या कडेला एक बारीकशी खूण उमटायची. लहानपणी आम्ही भावंडं ती खूण असलेली भाकरी मागून घ्यायचो.

आजी पथ्रोटची. अंजनगाव सुर्जीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडचं गाव. तिकडे विहिरी खोल, पण पाणी गोड. दिली आमच्या गावात, दर्यापूर आणि अंजनगावच्या मधे, पूर्णेच्या खोऱ्यात. आमच्या गावात जमीन काळी, खोल, कापसाला एक नंबर, आणि जमिनीखालचं पाणी खारं. "गोड्या पाण्यातली पोर खाऱ्या पाण्यात देल्ली माह्या बापानं," असं ती म्हणायची. तक्रारीच्या सुरात नाही. आपल्या आयुष्याचा पत्ता सांगावा तसं.

त्या दोन पाण्यांच्या मधे एक रेल्वे होती आणि आमच्या गावाला तिचं ठेसन होतं.

मागच्या हिवाळ्यात बाबांना घेऊन मी त्या ठेसनावर गेले. अमरावतीहून गावी आलो होतो, तूर कापणीला आली होती आणि बाबांनी सकाळीच विषय काढला, "चाल, ठेसनाकडं जाऊन येऊ." गावापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. पण वाट आता वाट राहिली नाही. दोन्ही अंगांनी वेडी बाभूळ, मधे गाजरगवत, आणि पायाखाली एकदम कडक काहीतरी लागलं की समजायचं, इथे रूळ आहे.

स्टेशन म्हणजे एक खोली आणि तिला लागून पुढे पडवी. प्लॅटफॉर्म कधी नव्हताच. गाडी जमिनीवरूनच चढायची. म्हाताऱ्या माणसाला वरून कुणीतरी हात द्यायचं, खालून कुणीतरी टेकू. खोलीचं छप्पर गेलं आहे. दार-खिडक्यांच्या चौकटी कुणीतरी काढून नेल्या आहेत, त्या जागी भिंतीत विटांचे दात दिसतात. तिकिटाची खिडकी मात्र शाबूत आहे, म्हणजे तिचं भोक शाबूत आहे. कमानीच्या आकाराचं, हात आत जाईल एवढं. खालच्या दगडी फळीला मधोमध खळगा पडलाय. पैसे ठेवायचे, तिकीट उचलायचं, पुन्हा पैसे, पुन्हा तिकीट. बाबांनी त्या खळग्यात बोट फिरवलं आणि काही बोलले नाहीत. मी फोन काढला होता, तो परत पर्समध्ये ठेवला.

बाहेर कडुनिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीला तारेने रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, तीच घंटा. तुकडा गेला, तार राहिली. आता झाडाने ती तार गिळली आहे. सालीच्या एका वळीतून आत जाते आणि दुसऱ्या बाजूने तिचं गंजकं टोक बाहेर दिसतं.

या लाइनीचा इतिहास लिहिणारे सगळे कापसापासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून, तांड्यांबरोबर पार उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरच्या बाजारात जायचा. वाटेत पाऊस लागला की भिजायचा, धूळ बसायची, कापूस विकेपर्यंत त्याचा रंग जायचा. 1825-26 च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातला कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला पाठवला. बैलांवरच, पण दिशा बदलली. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हातात आला. त्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी पुढे एकमेकींना येऊन मिळाल्या. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि सगळ्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली.

पण मोठी लाइन मूर्तिजापूरवरून सरळ पूर्वेला निघून गेली. तिच्या उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर आणि दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळ हा सगळा कापसाचा मुलूख बंडीवरच, म्हणजे बैलगाडीवरच, राहिला. पावसाळा संपला तरी काळ्या चिखलाच्या वाटा लवकर वाळत नाहीत. बंडीची चाकं आसापर्यंत रुततात. तेव्हा किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने इथे छोट्या रुळांच्या लाइनी टाकायचं मनावर घेतलं. 1910 मध्ये त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर मधे, एक फाटा यवतमाळला, 113 किलोमीटर, दुसरा फाटा अचलपूरला, 76 किलोमीटर. वर्धा जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी ही यांचीच धाकटी बहीण. गाड्या चालवायचं काम ग्रेट इंडियन पेनिन्सुलाकडे, रूळ किलिक निक्सनच्या कंपनीचे.

रूळ छोटे म्हणजे किती? दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, 762 मिलिमीटर. मोठ्या लाइनीचं असतं 1676. म्हणजे निम्म्याहून कमी. छोट्या रुळांना भराव कमी लागतो, पूल अरुंद चालतात, वळणं जवळची घेता येतात, खर्च आटोक्यात राहतो. पण आमच्या जमिनीत आणखी एक भानगड आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे मध्ये आमच्या शेतात ज्या भेगा पडतात त्यांत कोंबडीचं पिल्लू गेलं तर सापडत नाही. अशा जमिनीवर टाकलेला रूळ कधीच सरळ राहत नाही. गँगमन रोज निघायचे, एका अंगाने दबलेला रूळ पहारीने उचलून खाली खडी सारायचे, आणि पुढच्या पावसात तो दुसऱ्या अंगाने दबायचा. शकुंतला हळू चालायची म्हणून लोकांनी तिच्यावर पुष्कळ विनोद केले. मला त्या विनोदांनी नेहमी त्रास होतो. ती हळू चालायची कारण तिच्या पायाखालची जमीन हलत होती, आणि तरी ती शंभर वर्षं चालली.

बाबांना आठवतं तेव्हा गाडीला मालाचे डबेही असायचे. जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, दाबलेल्या कापसाच्या गाठी भरल्या जायच्या. त्या मूर्तिजापूरला उतरवायच्या, हमालांनी पाठीवर घ्यायच्या आणि मोठ्या लाइनीच्या वाघिणीत पुन्हा चढवायच्या, कारण छोटा डबा मोठ्या रुळावर जात नाही. प्रत्येक गाठ दोनदा भरायची, दोनदा उतरायची. या लाइनीचा जीव ज्या दुखण्याने गेला ते दुखणं पहिल्या दिवसापासून मूर्तिजापूरच्या त्या मधल्या जागेत होतं. पुढे मालमोटारी आल्या. त्या जिनिंगच्या दारातून गाठ उचलतात ती थेट गिरणीच्या दारात टाकतात. 1972 मध्ये राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, गावोगावचा कापूस संकलन केंद्रांवर जाऊ लागला. तोवर ट्रक आणि ट्रॅक्टर गावात पोचलेलेच होते. कापूस गाडीतून उतरला तो पुन्हा चढला नाही.

कापूस गेला तरी गाडी राहिली, कारण तोवर ती बायकांची झाली होती. हे कुठे लिहिलेलं सापडत नाही, म्हणून मला लिहावंसं वाटतं.

आजी एसटीने जायची नाही. तिला गाडी लागायची. डिझेलच्या वासाने पोटात ढवळायचं, उभ्याउभ्या डोकं गरगरायचं. आणि एसटीत टोपली ठेवायला जागा नाही, कंडक्टर घाई करतो, शेजारी कोण बसेल सांगता येत नाही. शकुंतलेत ती एकटी जायची. पदर डोक्यावर, काखेत गठुडं, दुसऱ्या हातात रिकामा गुंड. डब्यात खाली फरशीवर बसायची ऐसपैस. शेजारी कुणी भाजीवाली, कुणी ताक विकून परत निघालेली, कुणी लेकीच्या बाळंतपणाला चाललेली. अंजनगाव सुर्जीकडच्या नागवेलीच्या पानांचे करंडे ओल्या फडक्यात बांधलेले असायचे, त्या वासाने आख्खा डबा थंड वाटायचा असं ती सांगायची. तिकीट एसटीच्या मानाने कितीतरी कमी. आणि गाडी हळू असल्यामुळे सगळं बोलून व्हायचं. आजीच्या शब्दांत सांगायचं तर, "गाडीत बसलं का माहेर चालू होये. उतरून पाह्याची गरज नोती."

घरातल्या बाईने घराबाहेर एकटीने चार तास काढणं ही आमच्या गावात तेव्हा साधी गोष्ट नव्हती. शेतात ती जाई ती घोळक्याने, देवदर्शनाला जाई ती घरच्यांबरोबर. एकटी जायची ती शकुंतलेने. गावातल्या पुरुषांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. "कुठी गेली?" "शकुंतलेनं गेली." गाडीचं नाव एखाद्या थोरल्या नणंदेचं घ्यावं तसं घेतलं जायचं. तिच्यासोबत पाठवलं म्हणजे सांभाळून आणेल.

आता पाण्याचं सांगते.

पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांचा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा. शेकडो गावं त्यात येतात. विहीर खणली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. चहात टाकलं तर दूध नासतं. साबणाला फेस येत नाही. शेताला दिलं तर जमीन दगडासारखी होते, म्हणून इथली शेती पावसाच्या भरवशावरची. वर्षानुवर्षं हे पाणी पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडांचं काय होतं हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे, आमच्या घरालाही. आणि या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तासभर ठेवा, दोन तास ठेवा, दाणा आतून टणकच. तूर आमच्याच शेतातली, डाळ आमच्याच जात्यावरची, आणि शिजवायला पाणी परगावचं.

म्हणून गुंड. आजी माहेरी जायची ती वर्षातून चार-सहा वेळा, आणि येताना पथ्रोटच्या विहिरीचं पाणी आणायची. पाणी आणायची एक पद्धत होती. गुंड गळ्यापर्यंत भरायचा, काठोकाठ नाही. वर कडुनिंबाचे चार डहाळे टाकायचे. पानं पाण्यावर तरंगत राहिली की गाडीच्या हेलकाव्याने पाणी उसळत नाही. मग तोंडाला ओलं फडकं ताणून बांधायचं, काथ्याने दोन फेरे. बसताना गुंड खाली टेकवायचा नाही, कारण डब्याची फरशी थरथरते आणि थरथरीने पाणी झिरपतं. मांडीत चुंबळ ठेवायची, चुंबळीवर गुंड, आणि दोन्ही तळवे दोन्ही अंगांना. दीड तास तसंच. डुलकी लागली तरी हात सुटता कामा नये.

घरी आल्यावर ते पाणी कुणी प्यायचं नाही. ते वरणाचं पाणी. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घरात मऊ, घोटलेलं, पिवळंधम्मक वरण व्हायचं. बाबा म्हणतात, तसं वरण नंतर कितीही चांगल्या हॉटेलात खाल्लं तरी मिळालं नाही. आजोबा जेवताना दोनदा वरण मागत, एरवी ते एकदाही मागत नसत. आजीच्या माहेरचं कौतुक आजोबांनी तोंडाने कधी केलं नाही, ते या मार्गाने व्हायचं.

गाडीलाही आमचं पाणी चालत नव्हतं. शकुंतलेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेलं, 1923 पासून इथे कामाला लागलेलं. झेडडी जातीचं. बाबा लहान असताना आमच्या ठेसनाशेजारी विहीर होती, पण इंजिनाने तिथलं पाणी कधी घेतलं नाही. कारण पाणी उकळून वाफ झाली तरी त्यातला क्षार वर जात नाही. तो बॉयलरच्या आत राहतो, नळ्यांवर त्याची पुटं चढतात, मग कोळसा जास्त जळतो आणि वाफ कमी धरते. फार खारं पाणी असेल तर बॉयलरमध्ये फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी पुढच्या यंत्रात घुसतं. लहानपणी बाबांनी आजीला विचारलं होतं, ड्रायव्हर आपल्या विहिरीचं पाणी काहून घेत नाही? आजी म्हणाली, "लोखंडाच्या पोटाले सोसत नाही ते, बापू. आपल्या पोटाले इचारतं कोन?"

हे वाक्य आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जाईल.

गाडीची माणसंही गाडीसारखीच होती. शेवटच्या काळात तर मोजकी सात माणसं सगळी गाडी चालवायची. लहान स्टेशनांवर मास्तर राहिले नव्हते, गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा, आमच्याकडे कडुनिंबाखाली. रस्ता आडवा आला की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन उभी राहायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. इंजिन डब्यांना जोडायचं, सोडायचं, सिग्नल बघायचा, सगळं हाताने. आजी सांगायची, एक गार्ड होता, बायकांच्या हातात गुंड दिसला की तो ड्रायव्हरला हिरवी झेंडी जरा थांबून दाखवायचा. बाई बसली, मांडी घातली, गुंड मांडीत आला, हे बघून मग झेंडी. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. ती त्याला नेहमी "थो झेंडीवाला भाऊ" म्हणायची, आणि एका राखीपौर्णिमेला माहेरहून परत येताना तिने त्याच्या मनगटाला कच्च्या सुताचा दोरा बांधला होता.

15 एप्रिल 1994 ला वाफेचं इंजिन थांबलं, डिझेलचं आलं. डिझेलला वाफेसाठी पाणी लागत नाही. मी तेव्हा शाळेत होते. आजी तेव्हा सत्तरीला टेकलेली, तिला नव्या इंजिनाचा आवाज आवडला नाही. दोन वर्षांत तिचं जाणं-येणं थांबलं, तिसऱ्या वर्षी ती गेली. शेवटच्या दिवसांत तोंडात पाणी सोडायची वेळ आली तेव्हा माझा चुलता सायकलने पथ्रोटला गेला आणि बाबांच्या मामांच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन आला. सायकलने, कारण गाडी दुपारची होती आणि तेवढा वेळ नव्हता.

गाडीचं पुढे जे झालं ते पटकन सांगण्यासारखं आहे. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, 1951 मध्ये मध्य रेल्वे उभी राहिली, पण ही लाइन कागदावर खासगीच राहिली. गाडी चालवायची रेल्वेने आणि लाइनीपोटी पैसे द्यायचे कंपनीला. यावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आलं, आजही येतं. इंग्रजांची शेवटची रेल्वे, गुलामीची शेवटची खूण, वगैरे. मला तो राग समजतो. पण त्या मथळ्यांमध्ये गाडीत कोण बसत होतं हे कधीच नसतं. कराराची किंमत सगळ्यांनी मोजली, प्रवासाची कुणी मोजली नाही. तिकीट स्वस्त, रूळ जुना, तोटा मोठा, या तीन गोष्टी हिशोबाच्या वहीत बसतात. बाई एकटी माहेरी जाऊन येते, ही चौथी गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची?

यवतमाळकडची गाडी आधी थांबली, अचलपूरकडची 2016 मध्ये. त्याच वर्षी लाइन मोठ्या रुळांची करण्यासाठी 1500 कोटींची बातमी आली. गावात पेढे वाटले. आमच्या बाबांनीही वाटले. तेव्हापासून लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली, रुळावर बसले. दर निवडणुकीत शकुंतलेचं नाव भाषणात येतं. रूळ मात्र तिथेच आहेत, अडीच फुटांचे, आणि त्यांच्या मधून बाभळी उगवल्या आहेत. बाभळीचं खोड जाड झालं की कळतं किती वर्षं झाली.

ठेसनावर आम्ही उभे होतो तेव्हा शेळ्या घेऊन एक म्हातारे काकाजी आले. पूर्वी याच लाइनीवर गँगमन होते. बाबांना त्यांनी लगेच ओळखलं. दोघं कडुनिंबाखाली टेकले. काकाजींनी सहज बोलता बोलता पायाखालची माती काठीने उकरली, तिथे लाकडी स्लीपरचं टोक निघालं. "हे सागाचं," ते म्हणाले, "कुजलं नाई अजून." मग स्लीपरवरची माती त्यांनी हाताने झाडली, जशी पाहुण्यासाठी खाट झाडतात. मी विचारलं, गाडी पुन्हा येईल असं वाटतं का? काकाजींनी बराच वेळ रुळाकडे पाहिलं. "रूळ तं आहे," म्हणाले. "रूळ असला म्हणजे आशा मोडत नाई, बाई. हे रूळ उपटले असते तं बरं झालं असतं का काय, तेच समजत नाई." शेळ्या पुढे गेल्या होत्या, तेही उठले.

गावात आता नळ आहे. शहानूर धरणाचं पाणी येतं, गोडं आहे, डाळ शिजते. ते पाणी ज्या दिवशी पहिल्यांदा आमच्या अंगणातल्या नळाला आलं तेव्हा आईने कुकर लावला आणि बाबा ओसरीवर जाऊन बसले. माझ्या पिढीतल्या बायका दुचाकीवरून अंजनगावला जातात, दर्यापूरला कॉलेजला जातात. चांगलं आहे, फार चांगलं आहे. पण ज्यांना दुचाकी येत नाही आणि एसटी लागते अशा बायका गावात अजून आहेत. परवा शेजारच्या मावशी सांगत होत्या, पथ्रोटला बहीण आहे, चार वर्षांत गेले नाही. नेणारं कुणी नाही. पंचवीस किलोमीटर.

त्याच दिवशी दुपारी आम्ही त्या मावशींना गाडीत घेतलं आणि पथ्रोटला गेलो. निघताना बाबांनी फळीवरचा गुंड उतरवला, चिंचेने घासला आणि मागच्या सीटवर ठेवला. मी काही विचारलं नाही. मामांच्या घरी आता बोअर आहे, पण जुनी विहीर बुजवलेली नाही. मामेभावाने दोर सोडला. बाबांनी गुंड भरला, गळ्यापर्यंत, काठोकाठ नाही.

परत येताना आमच्या ठेसनाच्या फाट्यावर त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. उतरले, बाभळींतून वाट काढत कडुनिंबापर्यंत गेले, आणि चार डहाळे घेऊन आले. डहाळे पाण्यावर टाकले. खिशातला रुमाल ओला करून तोंडाला बांधला. मावशी पुढे येऊन बसल्या. बाबा मागे बसले, मांडी घालून, गुंड मांडीत, दोन्ही तळवे दोन्ही अंगांना.

"हळू चालव," ते म्हणाले.

मी दुसऱ्या गिअरवरच घरी आणली.